मुलाणी भाऊंच्या चोवीस फ्लॉप्या

आमची धाकटी हिंजवडीला नोकरी करते. परवा जेवताना म्हणाली, "बाबा, आमच्याकडचे सगळे सर्व्हर लिनक्सवर चालतात." मी आमटीचा भुरका मारला आणि सहज म्हणतो तसं म्हणालो, "हां, मी वापरायचो ते. तुझ्या जन्माच्या आधी."

पोरीचा घास हातातच राहिला. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल आदर दिसला. असं क्वचित होतं, म्हणून मी ताठ बसलो. तो आदर साधारण चार सेकंद टिकला. पोळी तव्यावर टाकता टाकता बायको म्हणाली, "मुलाणी भाऊंनी दिलेल्या फ्लॉप्या पुसून ह्यांनी त्यावर लग्नपत्रिका भरल्या होत्या. त्याला वापरणं म्हणायचं असेल तर वापरलं हो."

मग मुलाणी भाऊ सांगावेच लागले. आणि साक्षीदार समोर पोळ्या लाटत असल्यामुळं खरेखुरे सांगावे लागले.

यासीन मुलाणींचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात, भाजीमंडईच्या मागच्या बोळात होतं. दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहून बोलायचं, एवढं मोठं. काम वजनकाटे दुरुस्त करायचं. इलेक्ट्रॉनिक काटे तेव्हा नुकते येऊ लागले होते आणि आमच्याकडच्या ओलीनं ते पटापट आजारी पडायचे. भाऊ म्हणायचे, "काटा कमी दाखवाया लागला की दुकानदार माझ्याकडं पळत येतो. जास्त दाखवाया लागला की मला त्याच्याकडं पळत जावं लागतं."

त्यांच्या खांद्याला कायम एक खाकी पिशवी असे. आत पितळी वजनं, प्रत्येक फलाटीनच्या मऊ फडक्यात गुंडाळलेलं. नुसत्या हातानं वजनाला शिवू द्यायचे नाहीत. "हाताच्या घामाचंबी वजन असतं, मुकुंदा." मी एकदा हसलो तर त्यांनी एक बारीक वजन माझ्या तळहातावर ठेवलं, माझ्याकडून परत घेतलं, पुसलं, आणि दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

तत्त्वाचा माणूस म्हणजे किती असावा? ज्याचा काटा दुरुस्त केला त्याच्या दुकानात चिक्की खायची नाही, असा त्यांचा नियम. उद्या काटा खरा की खोटा हे सांगताना तोंड गोड नको. हळूहळू बाजारातल्या सगळ्याच दुकानांचे काटे त्यांच्याकडं यायला लागले. भाऊंना चिक्की जीव की प्राण. शेवटी शेवटी लोणावळ्यात राहणारा हा एकमेव इसम असा होता, की जो चिक्की खायला गाडी पकडून तळेगावला जायचा.

असा हा माणूस कॉम्प्युटरच्या नादाला लागला तो पुण्यात. एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेतला काटा दुरुस्त करायला गेले होते. शेजारच्या खोलीत पोरं एका पडद्याभोवती गर्दी करून ओरडत होती. भाऊंनी विचारलं, काय चाललंय? एका पोरानं सांगितलं, लिनक्स नावाची, कॉम्प्युटर चालवणारी अख्खी सिस्टीम आहे, जगभरच्या लोकांनी मिळून केलेली, आणि फुकट आहे. हवी असेल तर घेऊन जा. चोवीस फ्लॉप्यांचा गठ्ठा त्यानं भाऊंच्या हातात ठेवला.

"काय द्यायचं?" भाऊंनी विचारलं.

"काही नाही काका. तुम्ही पुढं कुणाला तरी कॉपी करून द्या."

भाऊ तीन मजले उतरून खाली आले. फाटकापर्यंत गेले. पुन्हा तीन मजले चढून वर गेले आणि त्या पोराला म्हणाले, "कुटं चुकला न्हाईस ना? सगळंच दिलंस?"

पोरगं हसायला लागलं. भाऊ मात्र हे सांगताना कधी हसले नाहीत. आयुष्यभर मापात देण्याघेण्याचं बघितलेल्या माणसाला कुणीतरी बिनमापाचं दिलं होतं. त्या दिवसापासून त्यांना दुसरं काही सुचेना.

आमचा छापखाना त्यांच्या बोळाच्या तोंडाशी. पत्रिका, हँडबिलं, पावतीपुस्तकं. वडिलांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, मराठी अक्षरजुळणीसाठी एक कॉम्प्युटर घेतला होता आणि तो मी चालवायचो. सगळ्या बोळात धड फ्लॉपी वाचणारं तेवढं एकच यंत्र, त्यामुळं भाऊंच्या गठ्ठ्याच्या कॉप्या काढायचं काम माझ्याकडं आलं. कोऱ्या फ्लॉप्या भाऊ आणायचे. प्रत्येकीवर मार्करनं मराठी आकडा टाकायचे, एक ते चोवीस, आणि वजनासारख्याच फलाटीनमध्ये गुंडाळायचे.

"पण भाऊ, एवढं लोक फुकट कशाला करतात?" मी विचारलं.

"आपल्याकडं लगीन निघालं की काय करतो? ह्याच्याकडनं पातेलं, त्याच्याकडनं झारा, तिच्याकडनं परात. समद्यांवर ज्याची त्याची नावं कोरल्याली. कुणीतरी एक जण यादी घिऊन गावभर हिंडतो, समदं गोळा करतो, काय कशाला लागतंय ते लावून देतो. तवा जेवान होतं. ह्या फ्लॉप्यांचंबी तसंच हाय. येकानं येक पार्ट केला, दुसऱ्यानं दुसरा. कुणीतरी बसून समदं जमवलं, आकडे टाकले आन् गठ्ठा बांदला. भांडं कुणाचंबी असू दे. फकस्त त्याच्यावरचं नाव खोडायचं न्हाई."

त्या काळात मोठमोठ्या पदव्यांचे लोक ही गोष्ट समजावताना घाम गाळत होते, हे मला पुष्कळ पुढं कळलं.

भाऊंनी स्वतः ते कुठून तरी आणलेल्या एका जुन्या यंत्रावर चढवलं. मला मुद्दाम बघायला बोलावलं. दोन तास फ्लॉप्या आत-बाहेर केल्यावर पडदा काळा झाला. त्यावर 'लॉगिन' एवढा एकच शब्द उमटला आणि पुढं एक रेघ लुकलुकायला लागली. मी बराच वेळ पाहिली.

"पुढं?"

"हेच. झालं."

"एवढंच?"

"मग काय बँड लावू?"

त्यावर ते काय करायचे म्हणाल, तर विशेष काही नाही. एकदा विचारलं तर म्हणाले, "आत्ता करायचं काय न्हाई. हाय ते बघायचं." रोज सकाळी दुकान उघडलं की ते यंत्र चालू करायचे, रेघ लुकलुकते ना एवढं पाहायचे आणि मग काट्यांना हात घालायचे.

पण त्यांचं खरं काम वाटणं. वडगावला तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे जगतापकाका, शिरगावच्या देवळाजवळचा फोटोवाला सलीम, कुठल्या कुठल्या पतपेढ्या, क्लासवाले. जिथं काटा दुरुस्तीला जातील तिथं कॉम्प्युटर दिसला की पिशवीतून गठ्ठा निघायचा. दीड वर्षात वीसेक गठ्ठे गेले. आणि मग प्रत्येकाकडं पुन्हा जाऊन एकच प्रश्न. "चालू केलं का? कुटं अडलं तर सांगा." सगळे म्हणायचे, "चालू केलं की! एकदम फस्क्लास!"

मीही म्हणालो. भाऊंनी विचारलं, "शेवटी पडद्यावर काय आलं?" आता मी त्यांच्याकडं ती लुकलुकती रेघ पाहिली होती, सरळ तेच सांगायचं. पण माणूस खोटं बोलायला लागला की त्याला सजावट सुचते. मी म्हणालो, "रंगीत अक्षरात वेलकम आलं." भाऊंनी माझ्याकडं पाहिलं. काट्यावर वजन ठेवून आकडा स्थिर व्हायची वाट बघावी तसं पाहिलं. म्हणाले, "बरं." आणि गेले.

कोरी फ्लॉपी तेव्हा जपून वापरायची वस्तू होती हो. आणि इथं एक माणूस घरी आणून चोवीस-चोवीस देत होता. मी पहिल्या आठवड्यातच सगळ्या पुसल्या.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला भाऊंचा मूळ गठ्ठा कॉपीसाठी आमच्याकडंच होता. अण्णांनी छापखान्याची पूजा मांडली. ट्रेडल मशीन, कटिंगची सुरी, कीबोर्ड, सगळ्यांना हळदकुंकू. फ्लॉप्यांची चळतही हत्यारातच धरली. फुलं मात्र तिच्यावर ठरेनात, घसरून पडायची. अण्णा कल्पक. सर्वांत वरच्या फ्लॉपीची ती पत्र्याची सरकती पट्टी त्यांनी बाजूला केली आणि झेंडूच्या दोन पाकळ्या आत खोवून पट्टी सोडून दिली. फूल कसं घट्ट बसलं! ती सतरा नंबरची होती.

दुसऱ्या दिवशी भाऊ आले, पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. "अण्णा, पूजेचं काय न्हाई, मीबी काट्याला फूल वाहतो. पर वर वाहायचं. आत न्हाई खुपसायचं!"

"अरे, पण देवाला पोचायला पाहिजे ना," अण्णा म्हणाले.

भाऊंनी पाकळ्या चिमट्यानं काढल्या, कुंकू फलाटीननं पुसलं, आणि सतरा नंबर परत चळतीत लावला.

दिवाळीनंतर कुरवंड्याच्या शाळेच्या कदमबाई भाऊंच्या दुकानात आल्या. तिशीच्या आतल्या, गावातच खोली घेऊन राहणाऱ्या. पुण्यातल्या कुण्या साहेबांनी शाळेला पाच जुने कॉम्प्युटर दिले होते, आतून पूर्ण कोरे. साहेब सोमवारी बघायला येणार. तोवर चालू नसतील तर उचलून दुसऱ्या शाळेला देणार. दोन मेकॅनिक येऊन गेले होते. नेहमीची सिस्टीम ह्या खटाऱ्यांना पेलणार नाही, असं सांगून चहा पिऊन गेले होते.

"लोक म्हणतात, तुमच्याकडं फुकट काहीतरी असतं," बाई म्हणाल्या.

भाऊ उठून उभेच राहिले. बाई गेल्यावर मला म्हणाले, "मुकुंदा, हितं तरी चाललं पायजे. वीस गठ्ठे वाटले. वीसातलं येक तरी कुणी खरंच चालवलं म्हणून बघायचंय मला. येक." ते माझ्याकडं न बघता बोलले. म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्या वेलकमचं रंगीत अक्षर न् अक्षर माहीत होतं.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर आम्ही बसलो. पहिल्या यंत्रात एक, दोन, तीन... सोळापर्यंत सुरळीत. सतरावी घातल्यावर आतून दळण दळल्यासारखा आवाज आला आणि पडद्यावर इंग्रजीत बरंच काही उमटलं. काढली, पुसली, पुन्हा घातली. पुन्हा दळण. भाऊंनी पट्टी सरकवून उजेडात धरली. आतल्या चकतीवर पिवळा ओरखडा होता.

"पोचलं देवाला," भाऊ म्हणाले.

दुसरा सतरा नंबर शोधणं आलं. वीस जणांकडं वीस आहेत, त्यात काय, असं ठरवून रविवारी सकाळी भाऊंच्या स्कूटरवर आम्ही निघालो. बाकीच्या तेवीस सोबत हिंडवून काय करणार, म्हणून त्या बाईंपाशी ठेवल्या.

वडगावला जगतापकाकांनी मोठ्या उत्साहानं सतरा नंबर काढून दिला. भाऊंचा मार्करचा आकडा तसाच होता. खाली चिठ्ठी होती, 'सातबारा दुरुस्ती, नमुना अर्ज'.

"जगताप, हे काय?"

"अवो मुलाणी, चांगली फ्लॉपी हाय तुमची! दीड वर्षात येकदा बंद पडली न्हाई!"

शिरगावात सलीमनं तर चोवीसच्या चोवीस नीट रांगेत लावल्या होत्या. सगळ्यांवर गिऱ्हाइकांची नावं. सतराव्यात एका बारशाचे फोटो. आणखी तीन ठिकाणी गेलो. पतपेढीत ती सापडलीच नाही. क्लासवाल्याकडं पत्त्यांचा खेळ निघाला. एकानं चहाचा कप ठेवायला घेतली होती आणि तो एकटाच खरं बोलला.

कामशेतच्या अलीकडं भाऊंनी स्कूटर बाजूला घेतली. मागं न वळता म्हणाले, "आन् तुजी?"

"भाऊ, माझ्या सतराव्यावर... चिरंजीव संतोष आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी वैशाली."

"कवाचं लगीन?"

"गेल्या वर्षीच्या वैशाखातलं. मूलही झालं त्यांना."

"बरं," भाऊ म्हणाले. पण स्कूटर चालू करेनात. मी मागं बसून त्यांच्या पाठीकडं बघत राहिलो. रागावले असते तर बरं झालं असतं. शेवटी म्हणाले, "लोकांनी फ्लॉपी घेतली रं. मला वाटलं, आतलं घेतलं." मग किक मारली.

चारच्या सुमारास कुरवंड्याला पोचलो तेव्हा दोघांनाही बाईंसमोर जायचं जिवावर आलं होतं. उद्या साहेब येणार, यंत्रं उचलणार. भाऊ दारात थांबून शब्द जुळवत होते. आतून बाई म्हणाल्या, "भाऊ, जरा सरका, उजेड अडतोय."

आत पाचही कॉम्प्युटर एका रांगेत जमिनीवर सतरंजीवर मांडले होते. चारांवर काळ्या पडद्यात पांढरी रेघ लुकलुकत होती. पाचव्यात चोविसावी फ्लॉपी फिरत होती.

"सतरावी कुटनं आणली?" भाऊंनी कसंबसं विचारलं.

"आणली नाही. वगळली."

"वगळली?"

"काल पडद्यावर ते इंग्रजी आलं होतं ना, ते वाचलं. डिक्शनरी घेऊन बसले. सतराव्यात नुसते खेळ आहेत. नको असतील तर हे बटण दाबून पुढं जा, असं तिथंच लिहिलंय."

मी भाऊंकडं पाहिलं, भाऊंनी माझ्याकडं. आख्ख्या मावळात हिंडून आलेली दोन शहाणी माणसं. पडद्यावरचं वाचायचं हे दोघांपैकी एकालाही सुचलं नव्हतं.

बाईंनी आणखी एक केलं होतं. एक यंत्र पुरं झाल्यावर दुसरं, असं न करता पंगतीत वाढतात तसं केलं. पहिल्याचं एक नंबर झालं की ती फ्लॉपी दुसऱ्याला, पहिल्याला दोन नंबर. दिवसभर एकट्या रांगेतून वाढत फिरल्या होत्या. भाऊ खाली बसले. प्रत्येक पडद्यासमोर जाऊन बसले. पाचव्यावर रेघ उमटली तेव्हा त्यांनी खिशातून फलाटीन काढलं. मला वाटलं काच पुसताहेत. त्यांनी नाक पुसलं.

सोमवारी साहेब आले. पडदे पाहून म्हणाले, "ह्यात चित्रं नाहीत का?" बाई म्हणाल्या, "मुलं काढतील." एका मुलीनं आपलं नाव इंग्रजीत टाइप करून दाखवलं, ते साहेबांना पडद्यावर नसलेल्या चित्रांपेक्षा बरं वाटलं असावं. यंत्रं राहिली.

गोष्ट इथं संपली असती तर भाऊ सुखी राहिले असते. पण चार-पाच महिन्यांनी ते छापखान्यात आले आणि स्टुलावर तोंड पाडून बसले. बाईंनी त्यांच्या गठ्ठ्याचा नवा गठ्ठा केला होता. शाळेला नको ते काढलं, उरलेलं नव्यानं लावलं, पुण्यातून कुणाकडून तरी मराठी अक्षरांचं काही मिळालं ते घातलं, मराठीत सूचनांचा कागद जोडला, वर 'कुरवंडे' असं नाव टाकलं आणि कार्ल्याच्या अन् आणखी दोन शाळांना दिलासुद्धा.

"चोवीसच्या पंधरा केल्या, अण्णा! पंधरा! आणल्याली भांडी परत देताना कमी द्यायची व्हय?"

अण्णा प्रुफं तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "यासीन, तिनं तुझी भांडी कुठं ठेवून घेतलीत? तिनं तिच्या घरचं लग्न काढलंय."

चहा आला, तो निवला. मग भाऊंनी विचारलं, "सूचनांचा कागद छापून दिला तर बाईंना चालंल का? हातानं किती लिवत बसंल ती?" तो आम्ही छापून दिला. माझ्या हातून त्या सगळ्या प्रकरणात झालेलं एकमेव उपयोगी काम तेवढंच.

पुढं वर्षभरात भाऊंची नजर अधू झाली. दुकान बंद करून ते मुलीकडं कराडला गेले आणि दोन पावसाळ्यांनी तिकडंच वारले. जायच्या आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कुरवंड्यालाच.

शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या पत्रिका द्यायला गेलो होतो. नागफणीकडून बोचरा वारा येत होता. शाळेच्या कट्ट्यावर भाऊ बसले होते, टोपी गुडघ्यावर. शेजारी गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं.

"हे काय भाऊ?"

"माजा कॉम्प्युटर. बाईंचा गठ्ठा चढवला त्याच्यावर, तर अडकलाय नवव्याला."

"मग आत जा की. बसलात काय थंडीत?"

"तास चालू हाय."

"मी सांगतो बाईंना, भाऊ आलेत म्हणून."

"गप ऱ्हा. माज्या आधी कार्ल्याचे गुरुजी हायेत, त्येंचंबी अडकलंय. नंबरानं जायाचं." आणि पहिल्यांदाच मला दिसलं, की समोरच्या झाडाखाली खरोखरच एक गुरुजी मांडीवर फ्लॉप्या घेऊन बसले होते. भाऊंनी त्यांच्याकडं पाहून मान हलवली. लग्नघरातला यजमान हलवतो तशी.

घंटा झाली. पोरं आरडाओरडा करत बाहेर सांडली. आधी गुरुजी आत गेले, पंधरा मिनिटांनी हसत बाहेर आले. मग दारात बाई आल्या, हात खडूनं पांढरे.

"या भाऊ."

मी गोधडीला हात घालायला गेलो तर त्यांनी घालू दिला नाही. स्वतःच ते ओझं छातीशी धरून उचललं, पायरीपाशी चाचपडत दोन्ही चपला काढल्या आणि आत गेले. आतून बाईंचा आवाज आला, "पहिल्या बाकावर बसा. तिथून नीट दिसेल."